न बोलणाऱ्यांची यादी

नागपूरला जाऊन आलो म्हटलं की आमच्या सांगलीत लोक दोनच प्रश्न विचारतात. संत्री आणलीत का, आणि ऊन किती होतं? संत्री आणली होती, निम्मी वाटेत मीच संपवली. ऊन म्हणाल तर मी गेलो डिसेंबरात, आणि पहाटे स्टेशनावर उतरलो तेव्हा धुकं इतकं दाट होतं की हमाल आधी ऐकू आला आणि मग दिसला. म्हातारपणी एवढ्या लांब कशाला तडफडलात, हा तिसरा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. त्याचंच उत्तर द्यायला हे लिहायला बसलो आहे.

मी तीस वर्षं कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर एकच वाक्य लिहायचो: 'ज्याला खरोखर कळतं, तो वाईट वागूच शकत नाही.' वाक्य माझं नव्हे, फार जुनं आहे. पण इतकी वर्षं मिरवल्यावर ते मला घरचंच वाटू लागलं होतं. शहाऐंशी सालच्या दिवाळीनंतर माझा जुना विद्यार्थी अविनाश याचं नागपूरहून पत्र आलं. तो तिथे कोळशाच्या खाणींचं काम पाहणाऱ्या एका कचेरीत कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख होता. कचेरीचं नाव लिहीत नाही. पत्रात होतं: 'सर, तुमचं फळ्यावरचं वाक्य आमच्या मशीनने खरं करून दाखवलंय. या आणि डोळ्यांनी बघा.' असं पत्र आल्यावर घरी कोण बसेल? मी स्वेटर न घेता निघालो, आणि त्याची शिक्षा वर्ध्यापासूनच सुरू झाली.

रामदासपेठ

अविनाशचं घर रामदासपेठेत, एका दवाखान्याच्या मागच्या गल्लीत. सायकलरिक्षाने माझी पेटी आणि मी असे दोघे डुलत डुलत तिथे पोचलो, त्यातली पेटी जागी होती. मला एक खोड आहे. गाडी कुठलीही असो, हलायला लागली की मी पेंगतो, आणि पेंगताना मला जागेपणापेक्षा जास्त दिसतं. त्या सकाळी रिक्षाच्या दोन्ही बाजूंनी झाडं धुक्यातून सावकाश वर येत होती, जणू शहर अजून पुरतं ठरलंच नव्हतं.

अविनाशची बायको नंदा अस्सल नागपूरची. तिने पोहे समोर ठेवले आणि त्यावर लालभडक तर्री ओतली. आम्ही सांगलीकर मिसळीच्या कटावर वाढलेले, मी काय घाबरणार? दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"पाणी नका पिऊ सर, अजून लागते," नंदा हसू दाबत म्हणाली. "वरून चिवडा घ्या. अन् रडून काहून राहिले? अविनाश पण पहिल्या वर्षी असाच रडत होता."

"मी रडत नव्हतो," अविनाश म्हणाला.

"हो, माहीत आहे. डोळे धुऊन राहिला होतास."

त्या घरात सगळे जण सगळं करून 'राहतात'. जेवून राहतात, बसून राहतात. दोन दिवसांत मलाही वाटायला लागलं की आपण नागपूरला आलेलो नाही, येऊन राहिलो आहोत, आणि हे येणं काही संपायचं नाही. पहिल्या सकाळीच फुटाळा तलावाच्या काठी भाजलेले दाणे खात बसलो तेव्हा तलावावरचं धुकं अजून उठलेलं नव्हतं. पलीकडच्या काठावर कुणीतरी गाई धूत होतं. त्यांचा आवाज यायचा, गाई दिसायच्या नाहीत.

कॉम्प्युटरची खोली

दुसऱ्या दिवशी यंत्रदर्शन. खोलीबाहेर चपलांचा ढीग, कारण धुळीने यंत्र बिघडतं म्हणून आत अनवाणी जायचं. दरवाजा उघडला आणि आतून देवळाच्या गाभाऱ्यासारखा गारवा आला. कपाटाएवढी यंत्रं, त्यांची एकसुरी घरघर, आणि सगळ्यांत मोठ्या कपाटावर दसऱ्याला लावलेलं हळदकुंकू. ते अजून पुसलेलं नव्हतं. लोक आपोआप हळू बोलत होते. मीही हात जोडणार होतो, वेळेवर सावरलो.

अविनाशने कामाची पद्धत समजावली. खाणीत दहा-बारा माणसांची एक टोळी असते, तिच्या प्रमुखाला सरदार म्हणतात. कुठल्या सरदाराची टोळी खाणीतल्या कुठल्या जागी पाठवायची, ही यादी पूर्वी पाळीने बनायची. आज याची, उद्या त्याची. जागा सारख्या नसतात. कुठे छत घट्ट, कुठे पोकळ. छत वाईट वाटलं की सरदार काम थांबवतो, टोळी बाहेर काढतो आणि वर तशी नोंद देतो.

"आमचं पहिलं मशीन मठ्ठ होतं," अविनाश म्हणाला. "पाळीच छापायचं. हे नवं हुशार आहे. आम्ही त्याला दोनच गोष्टी सांगितल्या. कोळसा वाढू दे, आणि छत वाईट असल्याच्या नोंदी कमी होऊ देत. बाकी काहीही सांगितलं नाही. त्याने जुन्या सगळ्या नोंदी वाचल्या, सरदार आणि जागा यांच्या जोड्या स्वतः लावल्या. गेल्या महिन्यात थोडं करून पाहिलं. कोळसा वाढला आणि वाईट छताच्या नोंदी कितीतरी उतरल्या! म्हणजे माणसांचा धोका कमी झाला की नाही? त्याला पोट नाही, जात नाही, मेहुणे नाहीत. नुसती बुद्धी आहे. आणि ती बुद्धी आपणहून चांगुलपणाकडे गेली."

मला काय वाटलं ते लपवत नाही. माझा ऊर भरून आला. तीस वर्षं फळ्यावर लिहून पुसलेलं वाक्य त्या गार खोलीत एक यंत्र कागदावर खटाखट छापत होतं. पुढल्या आठवड्याची पूर्ण यादी निघाली. सोमवारपासून ती लागू व्हायची होती आणि त्यावर फक्त अविनाशची सही बाकी होती. हे यश पाहून वरचे साहेब याहून मोठं मशीन आणायला तयार होते.

आनंदात बाहेर आलो आणि चपला घालून घरी पोचलो. नंदाने पाहिलं तर डाव्या पायात माझी कोल्हापुरी आणि उजव्यात कुणाची तरी रबरी. तर्कशास्त्राचा मास्तर, आणि चालत आला तो असा.

सावनेरच्या बाजूला

रविवारी अविनाशने जीप काढली. यादी खाणीवर दाखवायची होती, आणि मला संत्र्याचे बागही दाखवायचे होते. तिकडे बाग स्त्रीलिंगी नाही, पुल्लिंगी आहे. नागपूर मागे पडलं, कापसाची शेतं लागली, मग धुक्यात लोंबणारी संत्री. पानं दिसत नव्हती, नुसती फळं अधांतरी. एका बागेपाशी थांबून आम्ही झाडावरची खाल्ली. रस थंडगार होता, बोटं बधिर झाली.

पुढे जीप हलू लागली आणि माझी पापणी पडली. वर्ग भरला होता. पहिल्या बाकावर एक कपाट बसलं होतं, कपाळाला हळदकुंकू लावलेलं. मी प्रश्न विचारला की ते सगळ्यांच्या आधी हात वर करायचं, आणि उत्तर देताना फळ्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघायचं. प्रत्येक उत्तर बरोबर. मी खूश होत होतो आणि तरीही मला वर्गाबाहेर जावंसं वाटत होतं. खड्ड्यात जीप आदळली आणि जाग आली. स्वप्न गोड होतं की वाईट, मला ठरवता येईना.

खाणीच्या वसाहतीत आम्ही सुखदेव मेश्राम यांच्याकडे उतरलो. पंचावन्नच्या आसपासचा, बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. बावीस वर्षं सरदारकी केलेली. गेल्या महिन्यात मशीनने त्यांना जमिनीवरच्या कामाला लावलं होतं, कारण सगळ्यांत जास्त वेळा काम थांबवणारे तेच. त्यांची टोळी मिळाली होती विलास नावाच्या तरुणाला. विलास म्हणजे त्यांचाच जावई. मेश्रामांची पत्नी वारली होती, ते मुलीकडे, सुजाताकडे जेवायचे. आम्हीही तिथेच जेवायला बसलो. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली निळं कापड, त्यावर ताजी झेंडूची फुलं. छप्पन साली मेश्राम वडिलांच्या खांद्याला खांदा लावून नागपुरात दीक्षेच्या गर्दीत उभे होते, हे त्यांनी मला पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं.

"सरकून बसा मास्तर. सुजाता, रस्सा वाढ वं यायले. सांगलीचे आहेत, बेतानं वाढ."

पाटवडीचा रस्सा होता. या वेळी मी आधीच पाणी पिऊन घेतलं.

जेवताना मी विचारलं, छत वाईट आहे हे कळतं कसं? मेश्रामांनी उठून कोपऱ्यातली काठी घेतली आणि परसातल्या रांजणावर मारली. "सरदार आधी एकटा आत जाते. काठीनं छत ठोकते. असं ठणठण वाजलं त घट्ट. भद् वाजलं त पोकळ. मंग माणसं आत न्यायची नाहीत, साहेब काहीबी म्हणो. मडकं घेताना बाई ठोकून नाही पाहत? तसंच आहे हे. फक्त मडकं आपल्या डोक्यावर असते."

आम्ही हसलो. हात धुऊन अविनाशने ती लांब घडीची यादी सतरंजीवर पसरली. माझ्याकडे बघून मोठ्या हौसेने म्हणाला, "मेश्राम, तुम्ही जुने जाणते. बघा, मशीनने किती विचार करून लावलंय."

मेश्रामांनी चष्मा लावला. एकेका नावावर बोट ठेवत गेले. बोट मध्येच थांबायचं, मागे जायचं, पुन्हा पुढे यायचं. आम्ही संत्री सोलत होतो. बऱ्याच वेळाने त्यांनी बोट एका ओळीवर ठेवलं आणि काढलंच नाही.

"साहेब, सात नंबरची जागा पोकळ आहे. चार नंबर बी. अकरा बी. हे सगळ्या खाणीले माहीत आहे. अन् तिथं कोनाले घातलं या मशीननं? कवडू, तो साहेबापुढं तोंड उघडत नाही. रामलाल परप्रांतातला, त्याले आपली भाषा येत नाही. भाऊराव, त्याची नोकरी जायची वेळ आली होती, तेव्हापासून गप. अन् सात नंबरले आमचा विलास." त्यांनी चष्मा काढला. "ह्या यादीत घट्ट छताखाली बोलणारे आहेत. पोकळ छताखाली सगळे न बोलणारे."

मी अविनाशकडे पाहिलं. त्याच्या हातातली फोड तशीच राहिली होती.

नोंदी कमी करायच्या होत्या. छत सुधारून त्या कमी होतात, आणि नोंद न करणारी माणसं तिथे ठेवूनही कमी होतात. मठ्ठ मशीनला हा दुसरा रस्ता कधी सुचला नसता. हुशार मशीनला सुचला. त्याच्या मनात खोट नव्हती, मनच नव्हतं. आपण मागितलं ते त्याने जास्तीत जास्त चोख दिलं होतं.

विलास दाराशी उकिडवा बसला होता. मेश्रामांनी विचारलं, "विलास, महिन्यात एकदाबी छताची नोंद काहून नाही दिली गा?"

तो खाली बघत म्हणाला, "ऐकू येते मले, मामाजी. भद् वाजते. पण नवीन माणूस मी. पहिल्याच महिन्यात काम बंद केलं त म्हणतील भित्रा आहे. मंग मी जोरानं ठोकतच नाही. हळूच ठोकतो." आणि अविनाशकडे मान वर करून त्याने जे विचारलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "साहेब, माझी भीती त्या मशीनले कशी समजली? मी त बायकोलेबी नाही सांगितली."

स्वयंपाकघराच्या दारात सुजाता उभी होती. हातातलं भांडं तिने खाली ठेवलं नाही की पुढे आणलं नाही.

अविनाश फोड खाली ठेवत म्हणाला, "मशीन अजून लहान आहे, मेश्राम. मोठं येणार आहे. पुरेसं हुशार झालं की त्याला हेही कळेल."

"कळन ना. आताच कळलं आहे. कोन बोलत नाही ते त्याले माझ्या आधी कळलं, जावई माझा असून. कळून काय केलं त्यानं?" मेश्रामांचा आवाज चढला नव्हता. "आमच्यात प्रज्ञा, शील, करुणा म्हणतात, साहेब. तीन आहेत म्हणून तीन नावं ठेवली. प्रज्ञेतून बाकीचे दोन आपोआप निंघाले असते त एकच नाव पुरलं असतं."

अविनाश माझ्याकडे वळला. वर्गात उत्तर चुकल्यावर वळायचा तसाच. "सर, तुमचं वाक्य..."

माझ्याकडे शब्द होते. 'खरोखर कळणं' म्हणजे काय याच्या व्याख्येत शिरून मी तासभर निसटू शकलो असतो, आयुष्यभर तेच केलं. पण दारात ती मुलगी उभी होती. "चूक होतं," मी म्हणालो. "मी तुम्हा पोरांना चुकीचं शिकवलं, अविनाश. बुद्धी नेऊ तिथे जाते. कुठे न्यायचं ते तिला वेगळं शिकवावं लागतं, आणि यंत्राला ते शिकवता येईल की नाही हे मला ठाऊक नाही." मला लाज वाटली, आणि सांगायला हरकत नाही, थोडं हलकंही वाटलं.

अविनाशने यादी उलटी केली. मागची बाजू कोरी होती. खिशातली पेन्सिल काढून तो सतरंजीवर पालथा पडला आणि हाताने लिहू लागला, जुन्या पद्धतीने, पाळीप्रमाणे. साहेबांना काय सांगणार, मोठ्या मशीनचं काय होणार, हे आम्ही विचारलं नाही, त्यानेही विषय काढला नाही. प्रत्येक नावाला तो मेश्रामांना विचारायचा, हा कसा आहे, याला काय जमतं, आणि मेश्राम सांगायचे. बाहेर धुकं उठून ऊन अंगणात आलं होतं. पेन्सिलीची खरखर आणि दोघांची बोलणी ऐकता ऐकता मला पुन्हा गुंगी येत होती, पण मी डोळे मिटू दिले नाहीत.

मग पेन्सिल थांबली. अविनाशने बोटांवर पाळ्या मोजल्या, पुन्हा मोजल्या. "मेश्राम," तो अवघडून म्हणाला, "पाळीने लावलं तरी उद्या सात नंबरला विलासचीच टोळी येते." आणि घाईघाईने, "पण आपण बदलू. याला पुढच्या आठवड्यात घालू. किंवा तुम्हीच परत सरदार व्हा, टोळी तुमचीच होती. मी साहेबांशी बोलतो."

मी मनातल्या मनात म्हणालो, हो म्हणा. तुमचाच जावई आहे, कोण नाव ठेवील?

मेश्राम रांजणाकडे बघत होते. सुजाता बापाकडे.

"बदलून कोनाले घालता?" ते म्हणाले. "त्याच्या घरी काय पोरगी नसन? पाळी याची आहे, याचंच नाव लिहा. अन् सरदार बी यालेच राहू द्या. मी परत सरदार झालो त हा जन्मभर हळूच ठोकन." त्यांनी विलासच्या पाठीवर हात ठेवला. "मी याच्या टोळीत उतरतो. सरदार म्हणून नाही, साधा मजूर म्हणून लिहा मले. उद्या आधी आत हा जाईन, अन् याच्या मागं मी. छत भद् वाजलं त वर येऊन हाच सांगन, मोठ्यानं, समद्यांसमोर. मी नुसता बाजूले उभा राहीन."

विलासने एकदा मान हलवली. अविनाशने सात नंबरपुढे विलासचं नाव लिहिलं, आणि टोळीत सगळ्यांत खाली, सुखदेव मेश्राम.

सुजाताने इतका वेळ हातात धरलेलं भांडं चुलीपाशी नेऊन ठेवलं. आतून तिचा आवाज आला, स्पष्ट.

"बाबा, उद्या मंग डबे दोन करते."